ज्वराचा अर्ज




दरवर्षी या पानावर मी निकाल, स्पर्धा, नव्या वर्गखोल्या यांविषयी लिहिते. या वेळी एका चुकीविषयी लिहिणार आहे. चूक माझी आहे. ती इथे सांगण्याचे कारण एवढेच, की तशीच चूक आपल्यापैकी अनेकांच्या हातून रोज घडत असावी आणि आपल्याला ती चूक वाटतही नसावी.

शिक्षकांच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. गावाकडून येणारी मुले काहीच वाचत नाहीत, लिहिणे तर दूरच. इंदूरमधली आपली शाळा मराठी समाजाने आपल्या मुलांसाठी सुरू केली हे खरे, पण आज सांवेर, देपालपूर, महू या बाजूंच्या खेड्यांतून बसने येणारी मुलेही आपल्याकडे बरीच आहेत. त्यांच्या घरी माळवी बोलतात, काहींच्या घरी निमाडी. पुस्तकातली हिंदीसुद्धा त्यांना शाळेतच भेटलेली असते. ही तक्रार ऐकून मीही मान हलवीत असे.

गोष्ट सप्टेंबर २०२३ ची. नववीतला एक मुलगा पाच दिवस गैरहजर राहून परत आला आणि त्याने रजेचा अर्ज दिला. सुरुवात 'सेवा में, श्रीमती प्राचार्या महोदया' अशी, आणि पुढे 'सविनय निवेदन है कि मुझे कल रात से ज्वर आ रहा है'. गाइडातला अर्ज जसाच्या तसा उतरवलेला. पाच दिवस गैरहजर, आणि ज्वर मात्र काल रात्रीपासून. मला राग आला. मी तो कागद घेऊन वर्गात गेले, त्याला उभे केले आणि पुस्तकातला एक उतारा वाचायला सांगितला. प्रत्येक जोडाक्षराशी तो अडखळत होता. मुले हसू लागली. मी म्हणाले, "नववीत आलास तरी ना वाचता येते, ना लिहिता. खोटे बोलायलासुद्धा तुला गाइड लागते." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही.

आठ-दहा दिवस वाट पाहून ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी वर्गशिक्षकांना बरोबर घेऊन त्याच्या गावी गेले. देपालपूर रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारे लहानसे गाव. पितृपक्ष चालू होता आणि सोयाबीनची काढणीही. माळव्यात या दिवसांत मजूर मिळत नाहीत, हे मला माहीत असायला हवे होते. इतकी वर्षे इंदुरात राहून मी ते फक्त वर्तमानपत्रात वाचले होते.

मुलगा अंगणात खाटेवर बसला होता. त्याच्या भोवती चार माणसे होती. एका प्लास्टिकच्या पिशवीतून कागद निघत होते आणि तो एकेक वाचून सांगत होता. मंडीतली तौल पर्ची, त्याखाली भुगतान पत्रक. वजन किती धरले, भाव काय लागला, हम्माली-तुलाईचे किती कापले, हे तो बोट ठेवून सांगत होता. शेजारच्या आजोबांनी विजेचे बिल पुढे केले. मग एका काकांनी ऋण पुस्तिका काढली आणि बँकेच्या पासबुकातली नोंद तिच्याशी जुळते का, ते विचारले. आम्हाला पाहून तो उठला, पाया पडला आणि घरात निघून गेला. वडील संकोचाने म्हणाले, "मैडमजी, घरात पढलेला हा एकच आहे. सगळे मोहल्ल्याचे कागद याच्याकडेच येतात."

चहा होईपर्यंत मी ओसरीवर पाहत बसले. कोनाड्यात तणनाशकाचा एक रिकामा डबा होता. त्यावर बारीक अक्षरांत इतके काही छापलेले होते की चश्म्याशिवाय मला एक ओळ वाचता येईना. मुलगा पाणी घेऊन बाहेर आला तेव्हा मी सहज विचारले, यात काय लिहिले आहे? त्याने डब्यावरचा टोकावर उभा केलेला चौकोन दाखवला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहायचा. लाल असेल तर सर्वांत जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा असेल तर त्यातल्या त्यात कमी. पंपाला किती मिली घालायचे, वारा असताना का फवारायचे नाही, डबा पाण्याच्या ठिकाणी का धुवायचा नाही, हे सारे त्याने सांगितले. माझे एम.ए. झालेले आहे, आणि त्या चौकोनाचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम कळला.

वर्गात ज्याला चार ओळी धड वाचता आल्या नाहीत, त्याच्या वाचनावर सगळा मोहल्ला विसंबून होता. कोणते वाचन खरे, असा प्रश्न घेऊन मी तिथे बसले होते. पुढे जे ऐकले त्याने माझी आणखी अडचण केली.

आदल्या वर्षी कापून शेतात पसरलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला होता. पीक विम्याचा हप्ता भरलेला होता. प्रधानमंत्री फसल बीमा योजना २०१६ पासून चालू आहे. तिच्यात अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. वडिलांना कोणीतरी सांगितले की लेखी अर्ज द्या. मुलगा तेव्हा आठवीत होता. तो कागद-पेन घेऊन बसला. 'सेवा में' लिहिले, 'सविनय निवेदन है कि' लिहिले, आणि पुढे अडला. त्याने मला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा अगदी साधा होता, तक्रारीचा नव्हता. तो म्हणाला, "मैडम, मला ज्वराचाच अर्ज येत होता. दुसरा शिकवलाच नव्हता."

मुदत निघून गेली. वेळेवर अर्ज गेला असता तर पैसे मिळाले असतेच, असे मी म्हणत नाही, कारण विम्याच्या वाटेत पुढेही बरेच टप्पे असतात. पण पहिलाच टप्पा ज्या मुलाकडून पार पडला नाही, त्याला आपण आठ वर्षे लिहायला शिकवत होतो. आपण त्याला दुसऱ्याच्या शब्दांत खोटे कारण लिहायला शिकवले. त्याच्या गावात 'ज्वर' कोणी म्हणत नाही. तिथे ताप येतो, बुखार येतो. खरे काही लिहायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे शब्द होते, पण ते कागदावर चालतात हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

निघताना त्याच्या मोठ्या बहिणीने मला आतल्या अंगणात नेले. भिंतीवर शेणाची आकृती होती, फुलांच्या पाकळ्या आणि चमकी कागद लावून सजवलेली. ती संजा. पितृपक्षातले सोळा दिवस माळव्यातल्या मुली रोज नवी आकृती काढतात, शेवटी किलाकोट करतात आणि संध्याकाळी गाणी म्हणतात. आपल्या मराठी घरांतल्या मुलींना भोंडला आणि खानदेशातल्यांना गुलाबाई माहीत आहे, तशीच ही त्यांची बहीण. त्या मुलीने एक वही काढली. आजीकडून ऐकलेली संजाची गाणी, लग्नातली बन्ना-बन्नी, सगळी तिने लिहून ठेवली होती. पुरी दोनशे पानी वही. शाळा तिची दहावीनंतर सुटली होती. मी विचारले, ही वही शाळेत कधी दाखवलीस का? तिने असे पाहिले की जणू मी चूल शाळेत का आणली नाहीस, असे विचारले होते.

परतताना गाडीत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. मला सारखे आठवत होते ते १९८१ सालचे एक पत्र.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. देवासला आम्ही घरी मराठी बोलत असू, पण शाळा हिंदी, पुस्तके हिंदी, पुढे बी.ए. आणि एम.ए. सुद्धा हिंदीतूनच. बारा वर्षांची असताना मी नाशिकच्या मामांना आयुष्यातले पहिले मराठी पत्र लिहिले. लिपी एकच, तेव्हा अडचण ती काय? पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिले, "माझी शिक्षा चांगली चालू आहे." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, ते तुम्हाला माहीतच आहे. शिवाय 'शाळा'ची 'शाला' केली होती आणि 'फळा'चे 'फल', कारण 'ळ' हे अक्षर हिंदीच्या बाराखडीत मला कधी भेटलेच नव्हते. मामांनी ते पत्र घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. सगळे पोट धरून हसले. नंतर प्रत्येक चुकीभोवती लाल शाईने गोल करून त्यांनी ते मला परत पाठवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना मला शिकवायचे होते. पण त्या पत्रात मी आजीचा पाय मोडल्याचे, बाबांच्या बदलीचे आणि मला भीती वाटत असल्याचे लिहिले होते. त्याविषयी उत्तरात एक ओळही नव्हती. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे मी मराठीत काही लिहिले नाही. या शाळेत नोकरीला लागल्यावर तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी 'श्यामची आई' हातात ठेवली. तिथून मी पुन्हा सुरुवात केली. आज हे पान मी मराठीत लिहिते, आणि अजूनही छापायला देण्याआधी मराठीच्या बाईंना दाखवते.

लाल शाईचा तो गोल मला इतका लागला होता, आणि मी नववीच्या वर्गात त्या मुलाभोवती नेमका तसाच गोल काढला.

त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, 'असर' या पाहणीचा २०२३ चा अहवाल आला. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ही पाहणी करते. या खेपेला २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना घरी जाऊन भेटले होते. त्यांतली सुमारे ८७ टक्के कुठे ना कुठे शिकत होती. तरीही साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के.

आपली तक्रार या आकड्यांत दिसते, ती अगदीच खोटी नाही. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती. मुलांना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला देऊन चार प्रश्न विचारले होते. ज्यांना थोडेफार तरी वाचता येते, त्यांच्यापैकी जवळपास दोन तृतीयांश मुलांनी चारपैकी निदान तीन उत्तरे बरोबर दिली. म्हणजे कामाचा मजकूर समोर आला की ही मुले वाट काढतात. पाकीट ते पुस्तक हे अंतर मात्र त्यांना एकट्याने ओलांडता येत नाही. ते अंतर ओलांडून देणे हेच तर शाळेचे काम. आपला मुलगा पाचवीत असताना, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि सहावीचे जवळजवळ सगळे वर्ष शाळेविना गेले. नववीत तो जोडाक्षराशी का अडतो, याचा विचार मी त्याला उभे करण्याआधी करायला हवा होता.

कोणी म्हणेल, पर्ची वाचता येते ना, मग झाले. तसे नाही. पर्ची वाचणाऱ्याला दुसऱ्याने काय लिहिले ते कळते. आपले म्हणणे मांडायचे, तर सलग वाचलेले आणि सलग लिहिलेले असावे लागते. पाऊस पडल्यावर त्या घरात नेमके तेच नव्हते.

काढणी संपल्यावर तो मुलगा परत आला. मी त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर त्याची माफी मागितली. मग आम्ही काही साध्या गोष्टी सुरू केल्या.

रजेच्या अर्जात आता गाइडातला मजकूर चालत नाही. खरे कारण लिहायचे, ते घरच्या शब्दांत असले तरी चालेल. शेतीचे काम हे कारण लिहिले म्हणून कोणाला शिक्षा होणार नाही (हा शब्द या वेळी मी मराठी अर्थानेच वापरते आहे). त्या मुलाचा पहिला खरा अर्ज तीन ओळींचा होता. सोयाबीन कापायची राहिली आहे, मजूर नाहीत, मी चार दिवस येणार नाही. शुद्धलेखनाच्या सहा-सात चुका होत्या. मी तो मंजूर केला.

आठवड्यातला एक तास खऱ्या कागदांचा ठेवला आहे. विजेचे बिल, औषधाचे पाकीट, बँकेचा फॉर्म, मंडीची पर्ची. पहिल्याच तासाला भुगतान पत्रक आणले तेव्हा शहरातली हुशार मुले गप्प बसली आणि देपालपूरच्या बसची मुले फळ्यापाशी येऊन समजावू लागली. त्या वर्गाचे वागणे त्या दिवसापासून थोडे बदलले.

भित्तिपत्रकही पुन्हा सुरू केले. यात नवे काही नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत असत. आपल्या मध्य प्रदेशात 'एकलव्य' संस्थेचे 'चकमक' मासिक १९८५ पासून निघते आहे आणि त्यात 'मेरा पन्ना' या सदरात मुलांचे स्वतःचे लिखाण छापतात. आमच्या भिंतीवर मराठी, हिंदी, माळवी काहीही चालते. नियम एकच, पहिल्या खर्ड्यावर लाल पेन लावायचे नाही. आधी काय लिहिले आहे त्याविषयी बोलायचे, नंतर पेन्सिलने दोन-तीन चुका दाखवायच्या. संजाच्या वहीतली चार गाणीही त्या बहिणीच्या परवानगीने भिंतीवर लागली.

बस येईपर्यंत थांबणाऱ्या मुलांसाठी दुपारी वाचनालयाचे एक कपाट उघडे असते. पहिल्या वर्षी नऊ पुस्तके परत आली नाहीत. हिशेबात ती 'गहाळ' लिहावी लागली. ती कुठल्यातरी घरात आहेत, एवढे मी समाधान मानते.

सगळे छान झाले, असे चित्र मी काढणार नाही. काही शिक्षकांना अजून वाटते की यात परीक्षेचा वेळ जातो, आणि त्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. भिंतीवर मुलींपेक्षा मुलगेच जास्त लिहितात, ते का, हे आम्ही अजून शोधतो आहोत. तो मुलगा २०२५ मध्ये दहावी पास झाला, दुसऱ्या श्रेणीत. कादंबरी त्याने अजून वाचलेली नाही. चकमक वाचतो आणि क्रिकेटचे पान वाचतो. पण २०२४ च्या हिवाळ्यात गावातली विजेची डीपी जळाली, तेव्हा गव्हाला पाणी द्यायचे अडले होते. गावकऱ्यांनी अर्ज लिहायला त्यालाच बसवले. खर्डा दाखवायला तो माझ्याकडे आला. पहिली ओळ होती, 'हमारे गाँव की डीपी सोमवार की रात जल गई है'. कोणत्या दिवशी, किती घरे, किती शेते, सगळे क्रमाने लिहिलेले. मी पेन्सिलने दोन चुका दाखवल्या आणि परत दिला. महिनाभराने डीपी बदलली. अर्जामुळे की आपोआप, कोण सांगणार? खाली सह्या करणाऱ्या बावीस जणांना मात्र त्यात काय लिहिले आहे, ते त्याने वाचून दाखवले होते.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की वाचनालयाच्या खर्चात गहाळ पुस्तकांसाठी दरवर्षी थोडी जागा ठेवावी. पुस्तक हरवेल म्हणून कुलूप लावण्यापेक्षा ते परवडेल. पालकांना सांगणे आहे की घरी आलेला कागद मुलांकडून, विशेषतः मुलींकडून, वाचून घ्या, आणि चूक झाली तर हसू नका. आणि मुलांनो, तुमच्यापैकी कोणाकडे घरी एखादी वही असेल, गाण्यांची, हिशेबाची, शेरोशायरीची, तर ती एकदा मला दाखवायला आणा. लाल पेन माझ्या टेबलावर आता नसते.

आपली,
प्राचार्या